लांबवलेला चिमटा कोण मोजणार? : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : रस्त्यावरील मोटारसायकलींचा स्विंगआर्म लांबवण्याचा प्रकार, त्याची तपासणी आणि ड्रॅग शर्यतींसाठी अधिकृत जागा मिळण्याबाबत.

महोदय,

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे लेथ आणि वेल्डिंगचे वर्कशॉप आहे आणि तेथे मी गेली सव्वीस वर्षे काम करीत आहे. पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळाच्या चरकाची दुरुस्ती, फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशीनिंग यांवर आमचे पोट चालते. परंतु या गावाला मोटारसायकल शर्यतींचे वेड जुने असल्यामुळे त्या वेडाचीही कामे आमच्या दारात येतात, आणि त्यांपैकी एका कामाविषयी मी आपणांस हे पत्र उघडपणे लिहीत आहे. मोटारसायकलचे मागचे चाक ज्या दोन फाट्यांमध्ये बसते, त्या भागाला कंपनीच्या पुस्तकात स्विंगआर्म म्हणतात आणि आम्ही चिमटा म्हणतो. तो कापून मध्ये जोड दिला, किंवा नवाच लांब बनवला, की मागचे चाक चार, सहा, कधी दहा इंच मागे जाते. ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ पट्टीवर ठरलेले अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या शर्यतीच्या, गाड्यांसाठी हे काम मी स्वतः केलेले आहे. त्यामुळे मला तक्रारदार समजावे की या प्रकारातला भागीदार, हे पत्र वाचून झाल्यावर आपणच ठरवावे.

बदललेला सायलेन्सर पकडला जातो, कारण तो ओरडतो. लांबवलेला चिमटा गप्प असतो, म्हणून तो सुटतो. राज्यातील अनेक शहरांत वाहतूक पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि त्या कारवाईबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र कर्कश सायलेन्सरने शेजाऱ्याची झोप मोडते, तर कच्च्या जोडाचा चिमटा चालवणाऱ्याची मांडी मोडतो आणि मागून येणाऱ्यालाही खाली घेतो. असे असूनही चौकात अडवलेल्या गाडीची कागदपत्रे, हेल्मेट, नंबरप्लेट आणि आवाज एवढे पाहून तिला सोडले जाते. मागचे चाक कोठे आहे हे कोणी पाहत नाही.

वास्तविक हा बदल सिद्ध करण्यास सर्वांत सोपा आहे. पुढच्या एक्सलच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे व्हीलबेस, आणि हा आकडा मिलिमीटरमध्ये नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. पल्सर २२० चा व्हीलबेस १३५० मिमी, जुन्या आरएक्स १०० चा १२४०, हायाबुसाचा १४८०. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरतील असा कोणताही फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला आहे. चार इंच लांबवलेली पल्सर १४५० मिमी भरते, तिच्या आरसीवर मात्र १३५० लिहिलेले राहते. सायलेन्सरच्या आवाजासाठी यंत्र लागते, येथे टेप पुरतो. तरीही खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असल्यामुळे पहिल्या नोंदणीनंतर पुनर्नोंदणीपर्यंत तिच्यापाशी टेप घेऊन कोणी येतच नाही. गाडी वीस वर्षांच्या मुलाच्या हातात असण्याचा काळ नेमका हाच असतो.

चिमटा लांबवल्याने प्रत्यक्षात काय होते, हे मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण या विषयावर मुलांचे गैरसमज आहेत तसे अधिकाऱ्यांचेही आहेत. जोरात क्लच सोडला की गाडीचा भार मागे सरकतो आणि पुढचे चाक उचलू लागते. ते कोणत्या क्षणी उचलेल हे दोन मापांवर ठरते : गाडी आणि चालक यांच्या एकत्रित वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून किती उंच आहे, आणि तो मागच्या एक्सलच्या किती पुढे आहे. हायाबुसाच्या बाबतीत हा बिंदू जमिनीपासून ६५० मिमी उंच आणि दोन्ही चाकांच्या बरोबर मध्ये, म्हणजे मागच्या एक्सलच्या ७४० मिमी पुढे आहे असे धरले, तर गाडीचा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या १.१ पटीच्या थोडे वर गेल्यावर पुढचे चाक हवेत जाते. इंजिनमध्ये यापेक्षा जास्त जोर असून उपयोग नाही, कारण चालकाला थ्रॉटल मागे घ्यावाच लागतो. आता चाक २५० मिमी मागे नेले की तो बिंदू एक्सलच्या ९९० मिमी पुढे राहतो आणि मर्यादा दीड पटीवर जाते. चारशे दोन मीटर, म्हणजे पाव मैल, दहा सेकंदांच्या आसपास कापणाऱ्या गाडीसाठी हा फरक जिंकण्या-हरण्याचा असतो. म्हणूनच ड्रॅगची गाडी लांब आणि बसकी असते. धावपट्टीवर तिचे ते रूप योग्यच आहे, आणि ते घडवणाऱ्या कारागिराला मी नावे ठेवणार नाही.

परंतु याच गणिताची दुसरी बाजू मुले कधी मांडत नाहीत. चाक मागे गेले की गाडी उभी असतानाच मागच्या चाकावरचा भार कमी होतो. चालकासह साडेतीनशे किलोची ती हायाबुसा मूळ मापात मागच्या चाकावर १७५ किलो टाकते, लांबवल्यावर सुमारे १५०. शिवाय प्रवेग घेताना मागे सरकणारा भारही लांबीच्या प्रमाणात घटतो. म्हणजे पुढचे चाक खाली राहते, पण मागचे चाक जागच्या जागी फिरण्याची शक्यता वाढते. धावपट्टीवर याला उत्तर आहे : गरम केलेला मऊ टायर, चिकट केलेला पृष्ठभाग, आणि त्या दिवशीची पकड पाहून चिमट्याची लांबी कमीजास्त करणे. रस्त्यावर साधा टायर, वाळू, सांडलेले डिझेल आणि पावसाळ्यात पांढरे पट्टे असतात. तेथे लांब चिमट्याची गाडी मूळ गाडीहून लवकर घसरते.

ब्रेकविषयीचा समज तर याहून उलटा आहे. लांब गाडी ब्रेक लावताना अधिक स्थिर असते, मागचे चाक उचलत नाही, असे मला अनेकांनी ठामपणे सांगितले आहे. मागचे चाक कधी उचलेल हे वजनाचा मध्यबिंदू पुढच्या एक्सलपासून किती मागे आहे यावर ठरते, आणि चिमटा लांबवल्याने ते अंतर तसूभरही बदलत नाही. उलट प्रत्येक ब्रेकला मागच्या चाकावर आधीपेक्षा कमी भार उरतो, त्यामुळे ते लवकर अडकते आणि शेपटीसारखे बाजूला जाते.

आता शॉकअपचे पाहू. खिळीपासून, म्हणजे चिमटा गाडीच्या सांगाड्याला जेथे जोडलेला असतो तेथपासून, एक्सलपर्यंत ५६० मिमी असलेला चिमटा १०० मिमीने लांबवला आणि शॉकअपचे टोक होते तेथेच ठेवले, तर तरफ वाढल्यामुळे चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो. मागे कोणी बसले की गाडी बसते. त्यातच ती आधी खाली केलेली असते, आणि दोन चाकांमधले अंतर वाढलेले असते. भारतीय रस्ते महासभेच्या मानकातला गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीबोळांतले गतिरोधक कोणत्या मानकाचे असतात ते आपण जाणताच. अशा गतिरोधकावर या गाडीचे पोट घासते, एक्झॉस्ट अडकतो, आणि मागून येणारा तिच्यावर येऊन आदळतो. मागे बसणाऱ्याच्या कपड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे. चाक सहा इंच मागे गेल्यावर साडीगार्ड आणि मडगार्ड दोन्ही बिनकामाचे होतात, आणि बहुतेक वेळा ते काढून टाकलेलेच असतात.

जोडाविषयी मात्र मला अधिक बोलले पाहिजे, कारण ते माझे क्षेत्र आहे. चिमटा तीन प्रकारे लांबवला जातो. पहिला आणि सर्वांत वाईट प्रकार म्हणजे एक्सलच्या खाचेत बोल्टने बसवायचे तुकडे. मूळ खाच ज्या भारासाठी बनवली आहे तो भार आता तिच्या चार इंच मागे लोंबकळतो, बोल्ट ढिले होत जातात, आणि डाव्या-उजव्या बाजूत दोन मिलिमीटरचा फरक राहिला तरी चाक अर्ध्या अंशाने वाकडे चालते. अर्धा अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो. ताशी शंभरच्या वेगात तो हँडलला जाणवतो आणि चेन-स्प्रॉकेटच्या दातांवर दिसतो. दुसरा प्रकार कापून जोड देण्याचा. पोलादी चौकोनी नळीचा चिमटा असेल, आत बाही घातलेली असेल, जिगवर, म्हणजे भाग सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यावर, बांधून वेल्डिंग केले असेल आणि मग दोन्ही बाजू तपासल्या असतील तर तो शर्यतीपुरता टिकतो. अॅल्युमिनियममध्ये ही खात्री संपते. ६०६१-टी६ या मिश्रधातूची ताकद उष्णताप्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेत जोडालगतच्या पट्ट्यात ती निम्म्याखाली उतरते. तो भाग पुन्हा उष्णताप्रक्रियेतून काढला नाही तर वरून टिग वेल्डिंगचा टाका कितीही देखणा दिसला तरी आतला धातू मऊच राहतो. चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांचे चिमटे तर साच्यात ओतलेल्या अॅल्युमिनियमचे असतात. ते कापून जोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मी तसे काम घेत नाही. तिसरा प्रकार संपूर्ण नवा चिमटा बनवण्याचा. तो महाग आहे, म्हणून शर्यतीवाले तो करतात आणि कॉलेजची मुले करीत नाहीत.

चेनचा हिशोबही असाच विसरला जातो. आपल्याकडील लहान गाड्यांच्या ४२८ क्रमांकाच्या चेनची कडी १२.७ मिमीची असते. चिमटा १०० मिमीने लांबला की वरची आणि खालची मिळून २०० मिमी चेन, म्हणजे सोळा कड्या वाढतात. या कड्या बहुधा दुसऱ्या, कमी-अधिक झिजलेल्या चेनच्या तुकड्यातून येतात आणि क्लिपने जोडल्या जातात. मागच्या ब्रेकची नळी आणि एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरची वायर यांनाही तेवढीच लांबी हवी असते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे आहे. ज्या दुचाकींच्या मागच्या चाकालाही सेन्सर आहे, त्यांची वायर पुरत नाही म्हणून ती काढून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. सरकारने सक्तीने बसवलेली सुरक्षा एका कटरने गेली.

येथे माझी स्वतःची चूक सांगणे मला भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या मुलाला मी पोलादी चिमटा पाच इंच लांबवून दिला. गाडी फक्त शर्यतीसाठी आहे, असे तो म्हणाला आणि मी ते मान्य केले, कारण मान्य करणे सोयीचे होते. सात महिन्यांनी तो चेन बदलायला आला तेव्हा मडगार्डला गावभरच्या रस्त्यांचा चिखल होता. चिमटा धुऊन पाहिला, तर उजव्या जोडाच्या कडेला, टाका जेथे मूळ नळीला मिळतो तेथे, केसाएवढी भेग होती. चिमटा मी तेथेच कापला आणि मूळ मापाचा माझ्या खर्चाने बसवून दिला. त्या मुलाला काही झाले नाही, यात माझे कर्तृत्व काहीच नाही. धावपट्टीवर त्या चिमट्याने दिवसाला सहा-सात धावा केल्या असत्या आणि प्रत्येक वेळी तो तपासला गेला असता. रस्त्यावर त्याने रोज हजारो धक्के खाल्ले आणि तो कोणी पाहिला नाही. जोड तोच, धातू तोच, पण आयुष्य निराळे. तेव्हापासून गाडी टेम्पोत घालून आणली असेल तरच मी हे काम हाती घेतो. चालवत आणलेली गाडी मी दारातूनच परत पाठवतो. ती दोन गल्ल्या पलीकडे जाऊन काम करून घेते, हेही मला ठाऊक आहे.

म्हणूनच कायद्यातल्या एका रिकाम्या जागेकडे मी आपले लक्ष वेधतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे परवानगीविना गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिले पोटकलम निर्माते, आयातदार आणि विक्रेते यांच्याविषयी आहे. ज्याने प्रत्यक्षात चिमटा कापला आणि जोडला, तो माझ्यासारखा माणूस या दोन्हींत सरळ बसत नाही. माझ्याच धंद्याविरुद्ध मी मागणी करतो आहे, याची मला जाणीव आहे. तरीही माझे मागणे असे आहे की, चिमट्यासारख्या भार वाहणाऱ्या भागावर काम करणाऱ्या वर्कशॉपने त्या भागावर आपला क्रमांक ठोकावा, मूळ आणि नवे माप, धातू व जोडाचा प्रकार यांची नोंद ठेवावी आणि गाडी रस्त्यावर सापडल्यास ती नोंद दाखवावी, असे बंधन परिवहन विभागाने आपल्या अधिकारात शक्य त्या मार्गाने आणावे. ज्याला आपल्या टाक्याची खात्री आहे त्याला क्रमांक ठोकण्याची भीती वाटणार नाही. ज्याला वाटेल, त्याने गेट आणि ग्रील बनवावेत. त्यातही पैसा आहे.

केवळ कारवाईने हा प्रश्न सुटणार नाही, कारण लांबवलेली गाडी घेऊन जायचे कोठे, याचे उत्तर आज महाराष्ट्रात जवळजवळ नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर द व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत झालेली आहे, आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एफएमएससीआय या देशातील मोटार शर्यतींच्या नियामक संस्थेच्या मान्यतेने राष्ट्रीय स्पर्धा होतात, जेथे बेंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पांसारखे चालक अनेकदा विजेते ठरले. परंतु कोल्हापूर, सांगली किंवा इचलकरंजीच्या मुलाला सुमारे हजार किलोमीटरवरचे चेन्नई परवडत नाही, आणि महामार्गाचा सेवारस्ता पहाटे चार वाजता फुकट असतो. पाव मैलाच्या शेवटी मोठी गाडी ताशी दोनशेच्या वर असते. तिला थांबायला तेवढीच किंवा त्याहून लांब मोकळी जागा लागते. सेवारस्त्याच्या शेवटी चहाची टपरी असते.

हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा पडला आहे असेही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर हीच अवस्था होती. तेथे १९५१ मध्ये एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संस्था स्थापन झाली आणि १९५३ मध्ये तिने पोमोना येथील जत्रेच्या मैदानाच्या वाहनतळावर पहिली अधिकृत स्पर्धा घेतली, तीही स्थानिक पोलिसांच्या पाठिंब्याने. आपल्या कायद्यातही दार पूर्ण बंद नाही. कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यत लावण्यास मनाई करते, पण त्याच वाक्यात 'राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय' असे म्हणते. म्हणजे संमती देण्याचा अधिकार शासनाकडे आहे. राज्यात कराड, धुळे यांसारख्या लहान धावपट्ट्या आहेत. काहींवर प्रशिक्षणाची विमाने उडतात आणि त्यांच्या वेळापत्रकाला धक्का लागू नये, हे मान्य आहे. वर्षातून चार रविवार, रुग्णवाहिका, अग्निशमन, एफएमएससीआयचे तांत्रिक परीक्षक, आणि टेम्पोतून आलेल्या गाडीलाच प्रवेश, एवढ्या अटींवर एका धावपट्टीपासून सुरुवात होऊ शकते.

याच्याच जोडीला शर्यतीसाठी कायमची बदललेली गाडी नोंदणीतून बाहेर काढण्याची सोपी वाट असावी, ही माझी विनंती आहे. आज ज्याला प्रामाणिकपणे गाडी केवळ धावपट्टीसाठी ठेवायची आहे, तोही नंबरप्लेट ठेवतो, कारण नोंदणी रद्द करून घेणे म्हणजे एजंट, खेटे आणि 'गाडी भंगारात दिल्याचा कागद आणा' हे उत्तर. नंबरप्लेट राहिली की मोह राहतो. प्लेट जमा करून, आरसीवर 'केवळ बंदिस्त ट्रॅकसाठी' असा शेरा मारून घेण्याची सोय झाली, तर पोलिसांनाही चौकात वाद घालावा लागणार नाही, आणि ज्याने हजारो रुपये घालून नीट गाडी बांधली आहे त्याची गाडी सायलेन्सरांच्या ढिगाऱ्यात जाणार नाही.

तपासणी उद्या सुरू करायची ठरली, तरी तिला नवा शासन निर्णय लागणार नाही. गाडी सरळ उभी करावी, हँडल सरळ ठेवावे, आणि एकाच बाजूने पुढच्या एक्सलच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत टेप धरावा. चेन ताणण्यासाठी मागच्या खाचेत एक्सल थोडा मागेपुढे होतो, म्हणून दोन-तीन सेंटीमीटरची सवलत द्यावी. त्यापुढचे अंतर आरसीशी जुळत नसेल, तर चिमटा बदललेला आहे. नंतर चिमट्याच्या दोन्ही बाजूंवर अंगठा फिरवावा, रंगाखालचा टाका हाताला लागतो. एका गाडीला दोन मिनिटे पुरतात. कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातील निरीक्षकांना हे दाखवण्यासाठी कोणत्याही सोमवारी, आमचे उद्यमनगर बंद असते त्या दिवशी, मी माझा टेप आणि कापून ठेवलेला तो भेगाळलेला चिमटा घेऊन येण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
उद्यमनगरातील एक वर्कशॉपचालक,
कोल्हापूर.